काकांची रायफल

काकांची रायफल सात मिलिमीटरची माउझर, वजनाला हलकी. खानापूर-कणकुंबीच्या चढणी दिवसभर चढायच्या, तर खांद्यावर ओझे कमीच हवे. पण हलकेपणाची किंमत मोजावी लागते. धक्का जोराचा बसतो आणि बारीक नळी दोन-तीन बारांतच तापून गोळ्या फाकतात. म्हणून काका तीन बार टाकले की नळी निवू देत. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगून नळीला टेकला की नेम बिघडे. मग कागदाची पट्टी मधून सहज सरकेपर्यंत ते लाकूड घाशीत. गोळ्या डावीकडे पडल्या, तर नळीच्या टोकावरची माशी डावीकडेच केसभर सरकवायची, हे त्यांनीच मला शिकविले.

एवढा खटाटोप कशासाठी? ‘‘जखमी सांबर रात्रभर रानात तडफडते. ते पाप आपल्या आळसाचे,’’ असे ते म्हणत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि परवान्याची शिकारही संपली. ते योग्यच झाले, असे मला वाटते. काकांनीही वाद घातला नाही. रायफल ठाण्यात जमा करायची ठरली, तेव्हा आदल्या रात्री त्यांनी नळीतून तेलाचा बोळा फिरविला, दस्ता पुसला आणि पट्टी एकदा सरकवून पाहिली.