इंद्रभुवनात एक वर्किंग डे

‘वीकएंडला सोलापूर? काय बघणार, चादरी?’ ही प्रतिक्रिया माझ्या मैत्रिणीची. आणि मॅडम स्वतः सोलापूरच्या बरं का! पुण्यात आयटीत नोकरी, महिन्यातून एकदा संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून घरी जायचं, आईच्या हातची शेंगा चटणी डब्यात भरून परत यायचं. तिच्या वर्गातले निम्मे लोक असेच कुठे पुण्यात, कुठे हैदराबादला.

माझ्या डोक्यात मात्र एक चर्च होतं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात तेराव्या शतकातलं डॉमिनिकन चर्च आहे. 1794 मध्ये फ्रेंच सैन्य आलं, तेव्हापासून तिथली प्रार्थना थांबली. पुढे तिथे सायकलीसुद्धा ठेवल्या जायच्या. 2006 मध्ये त्याच चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान उघडलं. उंच कमानींखाली काळ्या पोलादाचे मजलेच्या मजले, त्यावर पुस्तकं आणि वेदीच्या जागी कॉफी! गंमत म्हणजे हे मजले जुन्या भिंतींना टेकलेलेच नाहीत. उद्या काढायचे ठरले तर चर्च जसंच्या तसं. 2014 मध्ये दुकान चालवणारी कंपनी बुडाली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते वाचवलं.

असं सोलापुरात काही? रिकामं चर्च तर नाहीच. रंगभवनजवळचं चर्च रविवारी भरलेलं असतं. पण जुन्या वास्तूत ऑफिस थाटायची आयडिया या गावाने कधीच अमलात आणली आहे. तिचं नाव इंद्रभुवन.

मल्लप्पा ऊर्फ अप्पासाहेब वारद यांनी हौसेने बांधलेला हा वाडा. वाडा कसला, महालच! कमानी, खांब, नक्षीकाम, मूर्ती... समोर उभं राहिल्यावर नजर कुठे ठेवायची कळत नाही. (माझ्या कॅमेऱ्यालाही कळलं नाही, सगळे फोटो वाकडे आलेत.) 1 मे 1964 ला सोलापूरची महानगरपालिका झाली आणि आज हा महाल तिचं मुख्यालय आहे. म्हणजे एका श्रीमंताचं घर गावाचं ऑफिस झालं. मैत्रिणीच्या बाबांचं घरपट्टीचं काम निघालं म्हणून आम्ही शुक्रवारी सुट्टी टाकून त्यांच्यासोबत गेलो. आवारात फायली सांभाळणारे आजोबा, कडेवर बाळ घेतलेली बाई, मोबाइलवर बोलत येरझाऱ्या घालणारे कंत्राटदार. बाबांनी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. ‘चाळीस वर्षं येतोय की इथं,’ म्हणाले.

मला तेच आवडलं. गिरण्यांचं काय झालं आठवा. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी... भोंग्यावर चालणारं शहर होतं हे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, दारांना कुलपं लागली आणि मैत्रिणीच्या आजोबांसारखे हजारो लोक घरी बसले. इंद्रभुवन टिकलं, कारण रोज सकाळी तिथे कुणाचं तरी काम असतं.

पण ऑफिस थाटणं म्हणजे इमारत जपणं नव्हे हं! फायलींची कपाटं, भिंतीला भोक पाडून बसवलेले एसी, लोंबणाऱ्या वायरी, हा सरकारी संसार कुठल्याही जुन्या वास्तूला खातो. चुन्यातल्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत अडकते आणि गिलावा सुटतो. 2016 मध्ये सोलापूर पहिल्या 20 स्मार्ट सिटींच्या यादीत आलं आणि त्या योजनेतून इंद्रभुवनाची डागडुजी झाली, हे बरंच झालं.

तरी माझी एक कुरकुर आहेच. काम असलेल्या माणसासाठी इंद्रभुवन दहा ते सहा उघडं. ज्याला बिल भरायचं नाही, दाखला नको, अशा तेवीस वर्षांच्या मुलाने तिथे का जावं? परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला, घरून काम करणाऱ्याला संध्याकाळी एक दालन मिळालं तर? भिंतीला हात न लावता, मास्ट्रिख्टसारखी सुटी टेबलं मांडायची, चार प्लग, वाय-फाय आणि बाहेर चहा. खर्च किती येईल, रखवालीचं काय, हे प्रश्न आहेतच. पण महालाच्या मालकीत आता आपणही आहोत ना?

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘असं असतं तर आठवड्यातले दोन दिवस मी इथूनच काम केलं असतं.’

तुम्ही जाणार असाल तर वर्किंग डेलाच जा, नाहीतर नुसता दर्शनी भाग बघून यावं लागेल. इंद्रभुवनापासून भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव जवळच आहेत. 2023 पासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही आहे, पण मला हुतात्माच बरी वाटते. सकाळी साडेसहाच्या सुमाराला ती सोलापूर सोडते. आमच्या डब्यात लॅपटॉपच्या बॅगा डोक्याखाली घेऊन झोपलेली पोरंच पोरं होती. मैत्रीण त्यांच्यातल्या तिघांना नावाने ओळखत होती.