आंब्याच्या बागेतला लपंडाव

मुलांनो, भूम म्हटलं की कुणाला खवा आठवतो, तर कुणाला जवळचं कुंथलगिरीचं जैन तीर्थक्षेत्र. धाराशिव जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेलं आहे. इकडे आलात की एक गंमत जरूर करा. शिवारात चौरस पद्धतीने लावलेली आंब्याची बाग दिसली, तर मालकाला विचारून तिच्या बांधाच्या कोपऱ्यावर उभे राहा.

समजा, बागेत दहा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत दहा झाडे. झाडाझाडांतलं अंतर सारखं. बांधापासून पहिली ओळही तेवढीच दूर. या अंतराला आपण 'घर' म्हणू. खोडं काठीसारखी बारीक आहेत असं माना. कोपऱ्यावरून किती झाडे दिसतील? शंभर? छे, फक्त ६३!

मग ३७ झाडे गेली कुठे? पूर्वेला ४ घरे आणि उत्तरेला ६ घरे असलेलं झाड शोधा. ते दिसत नाही, कारण २ आणि ३ घरांवरचं झाड बरोबर त्याच रेषेत आडवं येतं. इथे शाळेतला मसावि कामाला येतो. दोन्ही अंकांचा मसावि १ असेल, तर झाड दिसतं. मोठा असेल, तर ते लपतं.

बाग एका झाडाची असेल तर १ दिसतं, २×२ ची असेल तर ३, मग ७, ११, १९... पुढचा अंक तुम्ही काढा बरं! १९१८ साली जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने अशाच झाडांच्या रांगांतून नजर किती दूर पोचते, याचा अभ्यास केला होता. बाग कितीही मोठी करत न्या, दिसणारी झाडे शेकडा ६१ च्या आसपासच राहतात.

आता पाडाचे दिवस आहेत आणि राखणदाराला प्रत्येक झाडावर नजर ठेवायची आहे. ३७ झाडे आड गेली तर कसं चालेल? त्याने सोबत्याला पश्चिमेच्या बांधावर फक्त एक घर उत्तरेला उभं करावं. लपलेल्या ३७ पैकी ३१ झाडे सोबत्याला दिसतात! दोघांनाही न दिसणारी उरतात फक्त ६.

त्यातलं एक सांगतो : पूर्वेला ६, उत्तरेला ३. बाकीची पाच चौकटीच्या वहीत ठिपके काढून तुम्हीच शोधा. घरी आईबाबांनाही कामाला लावा!

(पुढच्या अंकाचं उत्तर : २३)