दुकान वाढवताना

आमच्या पेठ वडगावच्या बाजारपेठेत संध्याकाळी शटर ओढताना जुनी माणसे ‘दुकान बंद केले’ असे कधी म्हणत नाहीत; ‘दुकान वाढवले’ असे म्हणतात. आप्पांच्या तोंडून हा शब्द मी लहानपणापासून ऐकला आणि कापडाच्या गादीवर बसू लागल्यावर स्वतःही वापरला. त्याचा अर्थ मात्र मला माझ्या मुलीच्या दुखऱ्या पायाने शिकवला.

धाकटी पंधरा वर्षांची. ८०० आणि १,५०० मीटर धावते. जिल्हा स्पर्धेला दोन महिने उरले असताना तिच्या प्रशिक्षकांनी रविवारी पूर्ण विश्रांती सांगितली होती. मला ते पटले नाही. व्यापाऱ्याच्या घरात रिकामे बसणे हाच मोठा दोष. मी तिला रविवारीही पहाटे उठवून मैदानावर नेऊ लागलो. “बाबा, नडगी दुखते,” असे ती दोनदा म्हणाली. “धावता धावता मोकळी होईल,” असे मी दोन्ही वेळा म्हणालो. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. एके सकाळी मात्र कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत ती जिना उतरताना दिसली.

कोल्हापूरला तपासणी झाली. नडगीच्या हाडावर ताण आला होता. सहा आठवडे धावणे बंद. स्पर्धा गेली. परतताना गाडीत कोणीच बोलले नाही.

डॉक्टरांनी समजावलेली गोष्ट मला दुकानाच्या भाषेत लगेच कळली. श्रमाने शरीर बळकट होत नाही. श्रमाने ते झिजते. बळकटी येते ती नंतरच्या झोपेत, अन्नात आणि विश्रांतीत. हाडाचेही तसेच. ताण पडला की आधी जुना भाग खरवडला जातो, मग नवा भरला जातो. खरवडणे लवकर होते, भरणे सावकाश. भरणे पुरे होण्याआधी पुन्हा ताण दिला, तर हाड पोकळ होत जाते. आधीची उधारी वसूल न करता रोज नवी उधारी देणाऱ्याचे दुकान किती दिवस टिकेल?

मग फिजिओथेरपिस्टकडे फेऱ्या सुरू झाल्या. त्यांनी एक सोपी परीक्षा घेतली. पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटे दूर ठेवायचा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. धाकटीचा दुखरा पाय अडला. घोटा वाकत नसेल तर त्याचा भार नडगीला आणि गुडघ्याला सोसावा लागतो, असे ते म्हणाले. घरी आल्यावर मीही करून पाहिले. माझी तर टाचच वर आली. वर्षानुवर्षे काउंटरमागच्या खुर्चीवर बसल्याचे ते फळ. आप्पांचा गुडघा मात्र सहज टेकला. ते अजून पाटावर मांडी घालून जेवतात, मंदिरात जमिनीवर बसतात आणि हात न टेकता उठतात.

एक प्रश्न आमच्या घरचा होता. आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही. संध्याकाळच्या सरावाहून धाकटी अंधार पडल्यावर येई आणि उपाशीच झोपे. ज्या वेळी शरीर डागडुजी करणार, नेमक्या त्याच वेळी त्याच्या हाती काही नसे. नियम सोडण्याची गरज पडली नाही; वेळापत्रक बदलावे लागले. मुख्य सराव सकाळी ठेवला आणि त्यानंतर तासाभरात दूध, शेंगदाण्याचा लाडू किंवा मुगाचे धिरडे. संध्याकाळी फक्त घोटे, खुबे आणि पोटऱ्यांचे व्यायाम. मग दिवसाउजेडी वरण-भात, भाकरी, दही. झोप नऊ तास. मोबाइल रात्री माझ्या गल्ल्यात.

विश्रांतीचे मोल कोल्हापूरकरांना तरी नवे नसावे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम महाविद्यालयात शिकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज देऊन ते गादीवरून उतरले, तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामदबेयोव याच्यापुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता; पण तो बजावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीने सुवर्णपदक नेले. खाशाबांनी कांस्य आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण त्या पदकाचा अभिमान बाळगतो, त्या अर्ध्या तासाची आठवण ठेवत नाही. खाशाबांच्या बाजूने बोलणारा परदेशात कोणी नव्हता. माझ्या मुलीच्या बाजूने बोलू शकणारा बाप घरातच होता, आणि तोच तिला रविवारी पहाटे उठवत होता.

सहा आठवड्यांनी ती पुन्हा मैदानावर गेली: एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. यंदाच्या स्पर्धेत ती चौथी आली. पदक नाही, पण दुसऱ्या दिवशी ती जिना धडाधड उतरली, तो आवाज मी खाली उभा राहून ऐकला.

आपल्या घरांतील मुले आता दुकानाबरोबर मैदानही गाठू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. आपण त्यांना कष्ट शिकवतोच, थांबणेही शिकवावे. परवा रविवारी ती सोप्यावर पाय लांब करून पडली होती. शेजारचे काका म्हणाले, “काय, आज सुट्टी वाटतं?”

मी म्हणालो, “सुट्टी नाही काका, दुकान वाढवलंय.”