ईयोबाला न मिळालेले उत्तर

मराठी ख्रिस्ती घरांत रोजच्या तारखेखाली बायबलमधले एक वचन छापलेले कॅलेंडर भिंतीवर दिसते. काही घरांत वचनांच्या चिठ्ठ्यांची डबीही असते. नोकरी सोडावी की धरून बसावे, मुलीला या स्थळी द्यावे की नको, अशी घालमेल सुरू झाली की हात त्या डबीकडे जातो, नाहीतर डोळे मिटून बायबल मधूनच कुठेतरी उघडले जाते. कोकणात देवाला कौल लावतात, त्याच जातकुळीचा हा प्रकार. चर्चच्या इतिहासातही तो जुनाच आहे. आजच्या फ्रान्समधल्या आग्द गावी 506 साली भरलेल्या धर्मसभेला ग्रंथ उघडून भविष्य सांगण्याविरुद्ध नियम करावा लागला होता. नियम करावा लागला, म्हणजे धंदा तेजीत असणार! यावर कोणी संत ऑगस्टीनचा दाखला देईल. 386 साली मिलानच्या बागेत त्याने पौलाचे पत्र उघडले, नजर पडली तो उतारा वाचला आणि आयुष्य बदलले. खरे आहे, पण पौलाची पत्रे तो त्याआधीपासून वाचत होता आणि स्वतःशी झगडत होता. त्या एका उताऱ्यामागे ते सगळे वाचन उभे होते. शंकेच्या काळात बायबल वाट दाखवते, याबद्दल माझे दुमत नाही. पण कौल मागणाऱ्याला ते फारसे काही देत नाही, सलग वाचणाऱ्याला देते.

याचा पुरावा त्या ग्रंथातच आहे. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायातले चौथे वचन बजावते की मूर्खाच्या तोंडी लागू नये, त्याला त्याच्याच थराला जाऊन उत्तर देऊ नये. लगेच पाचवे वचन सांगते की द्यावे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. डबीतून यातली एकच चिठ्ठी हाती आली तर माणूस निश्चिंतपणे चुकीच्या ठिकाणी गप्प बसेल किंवा नको तिथे भांडेल. दोन्ही वाचणाऱ्याला समोरचा माणूस कोण, प्रसंग कोणता, हे स्वतःच पाहावे लागते. संकलकांनी ही दोन वचने शेजारी ठेवली ती नजरचुकीने, असे मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट डबीच्या बाबतीत लक्षात घ्यावी. तिच्यात धीर देणारी वचने असतात. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट कोणी चिठ्ठीवर लिहीत नाही. ते स्तोत्र देवाला हाका मारत सुरू होते आणि अंधारातच संपते. कोणीतरी ते रचले, लोकांनी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले आणि पुढच्या पिढ्यांनी ते काढून टाकले नाही. आपल्या शंकेची लाज वाटणाऱ्या माणसाला एवढी माहितीही पुष्कळ असते.

बायबलमधले ईयोबाचे पुस्तक याहून पुढे जाते. गीता ऐकून झाल्यावर अर्जुन आपला संशय फिटल्याचे सांगतो आणि युद्धाला उभा राहतो. ईयोबाचे तसे होत नाही. आपल्यावर संकट का आले, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात काय बोलणे झाले, ते पहिल्या दोन अध्यायांत वाचकाला कळते; ईयोबाला कोणी सांगत नाही. वावटळीतून देव बोलतो तेव्हा तोच प्रश्न विचारू लागतो: पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, रानबकरी कधी विते हे तुला माहीत आहे का. वाचणाऱ्याला वाटते, हे काय उत्तर झाले? तरीही बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो सांत्वनाला आलेल्या मित्रांवर. त्यांची मते धर्माला धरून होती, दुःख म्हणजे पापाचे फळ हे त्यांना पाठ होते. भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र देव योग्य ठरवतो. शंकेत असलेल्या माणसाने काय करू नये आणि त्याच्याशी कसे बोलू नये, हे इथे कळते. हे मार्गदर्शनच आहे, फक्त आपण मागितले होते ते नव्हे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: ज्याला जे हवे ते त्याला बायबलमध्ये सापडते. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी वचने काढून दाखवली, विरोधकांनीही काढली. मग वाट दाखवणारा हा कसला दिवा? हा आक्षेप बायबललाही ठाऊक आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभे करून उडी मारायला सांगतो आणि आधाराला एक्याण्णवावे स्तोत्र म्हणतो. वचन खरे, ते सांगणाऱ्याचा हेतू खोटा. येशू त्याला दुसरे वचन सांगून अडवतो. एका वचनाला दुसऱ्याने तोलायचे तर ग्रंथाची सवय असावी लागते. त्याने चुकीचे वाचन अशक्य होत नाही, अवघड मात्र होते. दुसरा आक्षेप साधा आहे: रात्री झोप न येणाऱ्याने बेचाळीस अध्याय वाचायचे का? नाही. त्याने खुशाल डबीतली चिठ्ठी घ्यावी. धीराचीही गरज असते. पण सकाळी निर्णय घ्यायचा तर तेवढ्यावर घेऊ नये.

शंका घेऊनही बायबल वाचत राहण्याचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांना ग्रंथांची वाण नव्हती; भागवत त्यांना मुखोद्गत होते. 1883 साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या सिस्टर जेराल्डीन यांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्रैक्यावर, येशूच्या देवत्वावर आणि चर्चच्या अधिकारावर पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि या वादात त्या बायबलचाच आधार घेत. 1907 साली त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. त्या आठ वर्षांत काय काय झाले पाहावे: 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, अमेरिकेचा दौरा झाला, 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. या कामाला जी दिशा मिळाली तिच्यामागे त्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाकडे बोट दाखवतात. लंडनमध्ये पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि असे करावेसे यांना का वाटते म्हणून विचारले. तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. त्रैक्याचा वाद त्या गोष्टीने मिटला नाही, पत्रे पुढेही जातच राहिली.