ओल्ड वॉर्डन येथील बॉक्सकाइट

लंडनच्या उत्तरेस बेडफर्डशायर परगण्यांत ओल्ड वॉर्डन नांवाचें एक टुमदार खेडें आहे. बिगल्सवेड स्टेशनावर उतरून थोडें आंत गेलें कीं गवतानें शाकारलेलीं घरें दिसूं लागतात, आणि गांवाजवळच विमानांचें हिरवेंगार मैदान लागतें. जुन्या विमानांचा सुप्रसिद्ध शटलवर्थ संग्रह तो हाच.

या संग्रहाचा इतिहास हृदयास चटका लावणारा आहे. रिचर्ड शटलवर्थ या हौशी तरुणानें १९३५ सालीं ब्लेरिओ आदिकरून जुनीं विमानें मिळवून तीं चालतीं केलीं. १९४० सालीं, युद्धसेवेंत असतां, विमानाच्या अपघातांत तो वारला. एकुलत्या एका पुत्राच्या स्मरणार्थ मातेनें १९४४ सालीं विश्वस्तनिधि स्थापून त्याचा हा ठेवा सांभाळला.

येथें अस्सल विमानें पुष्कळ आहेत. परंतु आम्हांस पाहावयाचें होतें तें मात्र अस्सल नव्हतें. ब्रिस्टल बॉक्सकाइट हें १९१० सालचें यंत्र. लांकडी दांडे, कापड आणि तारांचें जाळें. चालक अगदीं उघड्यावर बसलेला व इंजिन त्याच्या पाठीशीं. ब्रिटिश लष्करानें आरंभीं घेतलेल्या विमानांत याची गणना होते. आज जगांत अस्सल बॉक्सकाइट एकही उरलेलें नाहीं. ‘दोज मॅग्निफिसंट मेन इन देअर फ्लाइंग मशीन्स’ या १९६५ च्या विनोदी चित्रपटासाठीं माइल्स यांच्या कारखान्यांत याच्या तीन प्रतिकृति तयार झाल्या. एक येथें आहे, एक ब्रिस्टलच्या वस्तुसंग्रहालयांत टांगलेली आहे व एक ऑस्ट्रेलियांत गेली. त्याच चित्रपटांतील ॲव्रो त्रिपंखी विमानही येथेंच नांदतें.

“इतक्या लांब येऊन नक्कलच पाहावयाची का?” आमच्या सौ. नें विचारिलें.

प्रश्न रास्त होता. नाटक संपलें कीं पुठ्ठ्याचे मुकुट अडगळींत जातात. परंतु या विमानांस पडद्यावर खरोखरच उडावयाचें होतें. म्हणून तीं उडण्याजोगीं बांधावीं लागलीं, आणि म्हणूनच टिकलीं. इंजिन तेवढें नव्या काळाचें आहे.

शिवाय बॉक्सकाइट आपल्या मुलखास अगदींच परकें नाहीं. कलकत्त्यास जुलेरो या फ्रेंच वैमानिकानें तें उडवून दाखविलें. आणि जानेवारी १९११ मध्यें औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, लष्करी सरावांत कॅप्टन ब्रँकर यांनीं त्यांतून टेहळणी केली. दख्खनच्या आकाशांतील तें यंत्र कसें दिसलें असेल, हें समजण्यास ही नक्कलच साधन आहे.

वारा पूर्ण पडला तरच तिला बाहेर काढतात. आम्ही गेलों त्या सायंकाळीं झाडाचें पान हालत नव्हतें. ताशीं सुमारें ४० मैलांच्या संथ गतीनें ती गवतावरून उचलली, तेव्हां मैदानावरील मंडळी एकदम स्तब्ध झाली. तारा किती ताणाव्या, असें नाजूक यंत्र वळवावें कसें, ही विद्या तिच्यामुळेंच माणसांच्या हातांत राहिली आहे. अस्सल विमान कांचेआड असतें, तर तें साधलें नसतें.

आपल्या घरांतील मूळ पोथी वाळवीनें खाल्ली आणि कोणा पूर्वजानें केलेली नक्कल मात्र शिल्लक राहिली, तर पुढच्या पिढीची पोथी तीच. तिला नक्कल म्हणून कोणी माळ्यावर टाकीत नाहीं. रोज उघडून वाचतात.