नाकासमोरचे रस्ते

सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या माणसाला भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा एक वाक्य हमखास ऐकवतो: टेकड्यांवर शहर वसवलंय, मग रस्ते असे छातीवर येणारच. मला ते कधीच पटलेलं नाही. उंची टेकडीची असते, पण चढ किती तीव्र असावा हे रस्ता आखणारा ठरवतो. खोपोलीहून खंडाळ्याला जाणारी एस.टी. चारशे-पाचशे मीटर चढते, पण वळणं घेत घेत. इथल्या नॉब हिलची उंची सव्वाशे मीटरसुद्धा नाही. तरीही शेजारच्या रशियन हिलवर फिल्बर्ट स्ट्रीटचा हाइड ते लेव्हनवर्थ हा तुकडा 31.5 टक्के उताराचा आहे, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की साडेएकतीस फूट खाली. नो व्हॅलीतला बाविसाव्या रस्त्याचा एक तुकडाही तेवढाच उभा आहे. तीव्रतेच्या जागतिक विक्रमासाठी गाजलेला न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा बाल्डविन स्ट्रीट घ्या, तोही टेकडीला वळसा न घालता सरळ रेषेत वर जातो. या उभ्या रस्त्यांचा दोष मी टेकडीला देत नाही, नकाशाला देतो.

तो नकाशा जमीन विकण्यासाठी काढलेला होता. 1847 साली जॅस्पर ओ'फॅरेल यांनी गावाची मोजणी करून आधीची छोटी चौकट पुढे वाढवली. मार्केट स्ट्रीटच्या उत्तरेला पन्नास वारा, म्हणजे 137.5 फूट, बाजूचे चौरस प्लॉट पडले आणि सहा प्लॉटचा एक ठोकळा झाला. (वारा हे जुनं स्पॅनिश माप, आपल्या हाताशी किंवा वाराशी त्याचा संबंध नाही.) चौरस प्लॉट कागदावर मोजायला, विकायला आणि परत विकायला सोपा असतो. त्या कागदावर उंची दाखवलेलीच नसेल, तर खाडीच्या चिखलातला प्लॉट आणि कड्यावरचा प्लॉट सारखेच दिसतात. पुढे सोन्यासाठी झुंबड उडाली, शेकड्यांत मोजायची वस्ती दोन-तीन वर्षांत हजारांत गेली, आणि या रेषा मालकीच्या होऊन बसल्या.

यावर पहिला आक्षेप असा की त्या धामधुमीत टेकडीच्या अंगाने रस्ते काढायला वेळ आणि पैसा होता कोणाकडे? 1847 पुरता मला तो मान्य आहे. 1906 साठी नाही. त्या वर्षीच्या भूकंपाच्या आदल्याच वर्षी डॅनियल बर्नहॅम यांनी शहराला एक आराखडा दिला होता आणि त्यात टेकड्यांना वळसा घालून चढणारे रस्ते सुचवले होते. मग भूकंप आणि आग यांनी शहराचा मोठा भाग साफ केला. नवे रस्ते काढायला इतकी मोकळी जागा पुन्हा मिळणार नव्हती. घरं गेली, तरी प्लॉटच्या हद्दी मात्र शाबूत राहिल्या. प्रत्येक मालकाला आपला तुकडा तिथेच आणि लवकर हवा होता. शहर पुन्हा जुन्याच रेघांवर उभं राहिलं.

दुसरा आक्षेप अभियंत्यांच्या बाजूचा: यंत्राने चढ जिंकला, मग तक्रार कसली? अँड्र्यू हॅलिडी यांची केबल कार 1873 साली क्ले स्ट्रीटवर धावली आणि घोड्यांचे हाल थांबले हे खरंच आहे. पण केबल आली ती चौकट आखल्यावर पंचवीस-सव्वीस वर्षांनी. तिच्यामुळे नॉब हिलवर रेल्वेसम्राटांचे वाडे उठले आणि चढावरची जमीन महाग झाली. 1947 साली महापौरांनी केबल कार मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन यांनी नागरिकांना उभं करून ती वाचवली. आज तीनच मार्ग उरलेत आणि त्यांवर बहुतेक पर्यटकच असतात. इथल्या माणसाला टेकडीवर नेण्याचं खरं काम करते ती विजेची ट्रॉलीबस. तिचं कौतुक कोणी पोस्टकार्डावर छापत नाही.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा आहे आणि तो मला जड जातो. रस्ता नाकासमोर गेल्यामुळेच चौकाचौकातून खाडीचं पाणी दिसतं, हे नाकारता येत नाही. पण त्या देखाव्याचा हिशेब जवळून पाहावा. फिल्बर्टच्या त्या तुकड्यावर गाड्यांना फक्त उतरायची परवानगी आहे, आणि वरच्या टोकाला आल्यावर बॉनेटपलीकडे रस्ता दिसतच नाही, नुसतं आकाश दिसतं. तीन टक्क्यांहून जास्त चढावर गाडी लावली तर पुढची चाकं फुटपाथच्या कडेला टेकतील अशी वळवून ठेवायची, हा इथला नियम आहे. घरांच्या दर्शनी भिंतीचं एक टोक रस्त्याला भिडलेलं असतं आणि दुसरं पुरुषभर वर असतं. काही ठिकाणी फुटपाथलाच पायऱ्या पाडलेल्या आहेत. तिथे बाबागाडीवाल्या आईला पलीकडची बाजू धरावी लागते आणि व्हीलचेअरवाल्याला दुसरा रस्ताच शोधावा लागतो.

शिवाय लोक ज्यांच्यावर जीव टाकतात त्या जागा बहुधा सरळ रेघेने हार मानलेल्या आहेत. लॉम्बार्ड स्ट्रीटचा तो प्रसिद्ध तुकडा मुळात 27 टक्क्यांचा. 1922 साली त्याच सरळ पट्ट्याच्या आत आठ वळणं कोंबली तेव्हा कुठे चढ आटोक्यात आला. आता तिथे पर्यटकांची इतकी गर्दी होते की टोल लावायची कल्पना निघाली होती. 2019 साली राज्यपालांनी त्याचं विधेयक नामंजूर केलं. आणि फिल्बर्टच पूर्वेकडे टेलिग्राफ हिल ओलांडतो तिथे, खाणकामाने कापलेल्या कड्यावर, रस्ता संपून पायऱ्या सुरू होतात. नकाशावर रेघ तीच आहे. दोन्ही बाजूंना बागा आहेत आणि काही घरांपर्यंत गाडी पोचतच नाही. किराणा, फर्निचर, गॅसची शेगडी, सगळं माणसाच्या खांद्यावरून जातं. तरीही तिथली घरं रिकामी पडलेली नाहीत.

म्हणून पायऱ्यांना रस्त्याचा दुय्यम अवतार मानायची सवय मला खटकते. या शहरात पायऱ्यांचे शेकडो जिने आहेत आणि पुष्कळशा वस्त्यांचा बसथांब्याकडे जायचा तोच जवळचा मार्ग आहे. डांबरीकरणावर खर्च होतो त्यातला थोडा तरी वाटा कठडे, दिवे आणि निसटलेल्या पायऱ्यांवर आधी व्हावा, निदान जिथे सत्तरीतली माणसं रोज भाजी घेऊन चढतात तिथे.