हिमनदीच्या जागी

विहीणबाईंशी माझे भांडण असे कधी झालेच नाही. झाली ती लग्नपत्रिका. २००९ साली माझ्या मुलीचे लग्न धारवाडच्या कानडी घरात ठरले आणि पत्रिकेत वर मराठी की खाली मराठी, यावर दोन्ही घरांनी पंधरा दिवस घालवले. शेवटी दोन वेगवेगळ्या पत्रिका छापल्या. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या सभ्यपणे वागत होतो, की बघणाऱ्याला थंडी वाजावी.

अशा आम्हा दोघींना मुलांनी २०२३ च्या जूनमध्ये सिॲटलहून अलास्कात नेले आणि एका लहानशा बोटीत शेजारी शेजारी बसवले. माझ्या पिशवीत कुंदा, त्यांच्या पिशवीत पेढे. आमचा नातू मधे, इंग्रजीत.

जुनोहून छोट्या विमानाने गस्टाव्हस, तिथून बार्टलेट कोव्हचा धक्का. पुढे रस्ता नाही. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान पाहायचे ते पाण्यावरून. बोटीचा फेरा आठ तासांचा, आणि माहिती सांगायला उद्यानाची एक रेंजर बाई बरोबर.

निघाल्यावर थोड्याच वेळात समुद्री पाणमांजरे दिसली. पाण्यावर उताणी पडलेली, त्यातल्या एकीच्या पोटावर पिल्लू. यांच्या अंगात चरबीचा थर नसतो, ऊब सगळी दाट केसांची. त्याच केसांपायी व्यापाऱ्यांनी त्यांचा इथला वंश संपवत आणला होता. १९६० च्या दशकात अलास्काच्या या भागात ती पुन्हा आणून सोडली, म्हणून आज दिसतात. "बाणंती नोड्री!" विहीणबाई एकदम म्हणाल्या. बाळंतीण बघा! मी हसले, आणि नकळत कानडीतच उत्तर दिले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

साउथ मार्बल बेटावरचे समुद्रसिंह मी थोडक्यात आटोपते: वास मासळीबाजाराचा, आवाज सुटीतल्या बसस्टँडचा. पफिन मात्र गोड. केशरी चोच, डोळ्यांमागे पिवळी झुलपे, आणि उडताना सासुरवाशिणीची लगबग.

वर जाता जाता रेंजर बाईंनी इथल्या लोकांची हकिकत सांगितली. हे हूना ट्लिंगिट. आज जिथे पाणी आहे, तिथे एकेकाळी त्यांची गावे होती. अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकत आला, कुत्रा धावावा त्या वेगाने, असे त्यांचे वडीलधारे सांगत आले. गाव सोडून त्यांना समुद्रापलीकडे जावे लागले. मग बर्फ मागे हटू लागला. १७९४ साली व्हँकुव्हरच्या माणसांना इथे खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. १९१६ पर्यंत ती पासष्ट मैल आत गेली. बेळगावाहून हुबळी ओलांडावी, एवढे अंतर! हूना लोक या जागेला म्हणतात, 'हिमनदीच्या जागी आलेला उपसागर'. आदल्या संध्याकाळी धक्क्याजवळ आम्ही पाहिलेले कोरीव लाकडी घर त्यांचेच, २०१६ साली उभे राहिलेले.

नातवाने विचारले, गावाला परत यायला इतकी वर्षे? त्याच्या दोन्ही आज्यांनी खाली पाहिले. त्याला आमची दोन्ही गावे मिळून महिनाभर ठाऊक.

दुपारी मार्जरी हिमनदीसमोर बोट इंजिन मंद करून थांबली. मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच, आणि भेगांतून निळी, अगदी शाईच्या दौतीसारखी निळी. बराच वेळ काही नाही. मग एक कडा निसटला. तो आधी पडताना दिसला, आवाज मागून आला, आणि तो असा, की विहीणबाईंनी माझे मनगट घट्ट धरले. बोट लाटेवर डोलू लागली. त्यांच्या हाताला मोजे नव्हते. मी माझी शाल दोघींवर ओढली. त्यांनी हात काढला नाही, मीही काढायला सांगितले नाही.

"याला आपल्या भाषेत काय म्हणतात?" नातवाने इंग्रजीत विचारले. कुणाला, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

"हिमनदी," मी म्हणाले.

"हिमनदी," विहीणबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

आम्ही एकमेकींकडे पाहिले. मग परतीच्या वाटेवर, एका डब्यात कुंदा आणि पेढे घालून खात, हा शब्द मूळचा आमचाच, असे दोघींनीही त्याला निक्षून सांगितले.